पुढचा शब्द

"जगात आजवर जेवढी भांडणं झाली, जेवढे संसार मोडले आणि जेवढी राज्यं बुडाली, ती सगळी कुणीतरी वाक्य अर्धवट सोडल्यामुळे," असं पूर्णविरामांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. एवढं मोठं सत्य सांगून झालं की श्रोत्यांकडे बघायचं असतं, म्हणून त्यांनी बघितलं. मुलगा बुटाची नाडी बांधत होता, सून डबा भरत होती, नात दुधाच्या पेल्यात बघत होती. एकटी बायको तेवढी त्यांच्याकडे बघत होती.

"अहो, तुमचा तो…" ती म्हणाली.

"चष्मा डोक्यावर आहे. माहीत आहे," पूर्णविराम म्हणाले आणि त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

स्वेटर उलटा होता. ते त्यांना दुपारी वाचनालयात एका अनोळखी माणसाने सांगितलं.

पूर्णविराम हे नाव त्यांना कचेरीने दिलेलं. ते लघुलेखक होते. साहेबांनी बोलायचं आणि यांनी टिपायचं, असा मुळात करार. पण नोकरी मुरत गेली तसतसे साहेब नुसतं तोंड उघडू लागले आणि वाक्य हे संपवू लागले. एक साहेब तर ‘आपल्या पत्राच्या संदर्भात’ एवढंच म्हणून खिडकीशी जाऊन उभे राहत. वळून येईपर्यंत पत्र पुरं झालेलं असे आणि साहेबांच्या मनात नसलेला कडकपणाही त्यात उतरलेला असे. त्या कडकपणापायी काहीजणांच्या बदल्या झाल्या म्हणतात. निरोपाच्या समारंभात साहेब भाषणाला उठले, "यांच्याविषयी काय बोलावं…" म्हणाले आणि सवयीने यांच्याकडेच बघत थांबले.

निवृत्तीनंतर ही सेवा घरी मोफत सुरू झाली. तिची सर्वांत जास्त गरज मुंगीला आहे, हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

मुंगी म्हणजे नात. तिसरीत होती आणि बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत नीट यायचा आणि उंबरठ्याला ठेच लागल्यासारखा तिथेच थांबायचा. मग तिची मान ताठ व्हायची, पापण्या फडफडायच्या. अशा वेळी बाप घड्याळाकडे बघे, आई "सावकाश गं, श्वास घे" म्हणे आणि पूर्णविराम त्या शब्दाला बखोटीला धरून बाहेर काढत. आपण नसतो तर या पोरीचं काय झालं असतं, या विचाराने त्यांना कधी कधी भरून येई.

त्या सकाळी खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. मुंगीने पेला खाली ठेवला, पण हात पेल्यावरून काढला नाही.

"आबा, का-का-काका आहेत ना, व्हॅनवाले… ते ड-डोळे मिटतात."

"डोळे मिटतात?"

"हो. गा-गाडी च… च…"

"चालू करण्याआधी!" पूर्णविरामांनी मांडीवर थाप मारली. "देवाचं नाव घेतात! ऐकलंत का रे? याला म्हणतात माणूस. नाहीतर आपल्याकडे गाडीत बसले की पहिली शिवी तोंडातून निघते."

मुंगीने मान हलवली. ती आडवी होती की उभी, हे बघायला कुणाला सवड नव्हती. पुन्हा हॉर्न वाजला. सुनेने तिच्या पाठीवर दप्तर चढवलं, हातात पाण्याची बाटली दिली.

"आणि आज तरी पाडू नकोस. बघ, काय दशा केलीस. सरळ उभीसुद्धा राहत नाही ही."

स्टीलची बाटली होती. अंगभर पोचे. मागच्या बाटलीचंही हेच झालं होतं. घरात ठरून गेलं होतं, की पोरगी धांदरट आहे.

‘ध’ चा ‘मा’ करायला निदान कागद लागला होता. इथे चहाचा एक कप पुरला.

पूर्णविरामांनी ही गोष्ट जिन्यात सांगितली, दूधवाल्याकडे सांगितली, वाचनालयात सांगितली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्यांची बायको म्हणणार होती, पण ‘उचलली…’पर्यंत येताच त्यांनी "पिशवी? हो, उचलली," म्हणून भाजीची पिशवी उचलली.

व्हॅनवाल्या काकांची कीर्ती अशी झाली. माणूस मुळात अबोल. दाढी वाढलेली, डोळे कायम लाल. आता तेच डोळे लोकांना भक्तीने भरलेले दिसू लागले. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने तर आपली जुळी पोरं चांगल्या चाललेल्या दुसऱ्या व्हॅनमधून काढून या व्हॅनमध्ये घातली.

"आबा, गाडी काय, कुणीही चालवतो," तो म्हणाला. "देवाला भिणारा ड्रायव्हर सापडतो कुठे?"

पोरं एकमेकांच्या मांडीवर बसू लागली. काकांना मात्र हा आदर कुठून आला ते कळेना. कुणी वाकून बोललं की ते मागे वळून बघत, आपल्या मागे कुणी उभं आहे का.

त्याच सुमारास व्हॅनचा डावा आरसा गेला. मग दारापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब ओरखडा आला. मग पुढचा दिवा फुटला. काका दर वेळी म्हणत, "उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं." औषधवाला म्हणे, "भल्या माणसाच्याच वाट्याला येतं हो हे."

मुंगीचं बोलणं त्या दिवसांत फारच बिघडलं. सकाळी पोटात दुखे. "मग नको जाऊस," म्हटलं की मात्र उठून बसे, आणि हॉर्न वाजायच्या आधी दप्तर घेऊन दारात उभी राही. एकदा आई म्हणाली, "पुढच्या सीटवर ऊन लागतं, मागे बस की." तर मुंगी "न-न-नाही!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली, की बापाचा हात दाढी करताना घसरला.

"पुढे बसायची हौस बघा कार्टीला!" तो गालावर बोट दाबून म्हणाला.

शेवटी सुनेने दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या मॅडमची वेळ घेतली. दोघं कामावर, म्हणून मुंगीला घेऊन पूर्णविराम गेले. खोलीत एक सतरंजी, लाकडी ठोकळे आणि कोपऱ्यात एक बुटकं टेबल. मॅडम सतरंजीवर मुंगीसमोर बसल्या आणि ठोकळे रचता रचता इतक्या संथपणे बोलू लागल्या, की पूर्णविरामांना वाटलं, यांनाही काही आजार असावा. मुंगी त्यांना मांजरीच्या पिल्लांविषयी सांगू लागली. अडली. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. पोर अडलेली नसून नुसती वळणावर आहे, आत्ता दिसेल, असा चेहरा. आणि खरंच, थोड्या वेळाने ती वळणाच्या अलीकडे आली.

मग मॅडम पूर्णविरामांकडे वळल्या. "घरी हिला मदत कोण करतं?"

"मी." ते खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे काय करता?"

"शब्द पुरवतो."

"तिने मागितलेला असतो?"

असा विचार कचेरीत कुणी कधी केला नव्हता.

"आजोबा, ती अडली ना, की तुम्ही—"

"धीर द्यायचा."

"गप्प बसायचं," मॅडम म्हणाल्या. "सावकाश बोल म्हणायचं नाही, श्वास घे म्हणायचं नाही. प्रश्नांची सरबत्ती नाही. ती कसं बोलते ते सोडा, काय बोलते ते ऐका. अडली तर अडू दे."

"किती वेळ?"

"तुम्हाला कुठे जायचं असतं?"

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारू नये.

"आणि एक," मॅडम ठोकळे आवरत म्हणाल्या. "मुलं हुशार असतात. जो शब्द अडतो त्याला वळसा घालतात, दुसराच घेतात. घरच्यांना वाटतं, बरं चाललंय. पण पोराला म्हणायचं असतं एक आणि आपण ऐकतो भलतंच. मग कधी कधी…"

"घोटाळा होतो."

"मी ‘उशीर होतो’ म्हणणार होते," मॅडम म्हणाल्या.

परत येताना मुंगीने रस्त्याकडेला बोट दाखवलं. "आबा, ते बघ म-मोठं रोप!" पूर्णविरामांनी बघितलं. चांगलं तीन मजली झाड होतं. मुंगी झाडाला मोठं रोप म्हणते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी कवयित्री होणार असं त्यांनीच भाकीत केलं होतं. आज प्रथमच त्यांना त्या रोपाची जरा भीती वाटली. काहीतरी आहे एवढं कळलं. काय, ते कळेना.

कळेना म्हणून घरी आल्याबरोबर त्यांनी नको तेच केलं. मुंगीला समोर बसवलं आणि सुरू झाले. "शाळेत कुणी त्रास देतं का? बाई रागावतात? व्हॅनमध्ये कुणी मारतं? काका ओरडतात? बोल की! घाबरतेस काय?" प्रत्येक प्रश्नाला मुंगी थोडी थोडी लहान होत गेली.

"अहो, तिला…" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

पूर्णविरामांच्या जिभेवर ‘भूक लागलीय’ तयार होतं. पण मॅडम आठवल्या आणि त्यांनी तोंड मिटलं. बायको त्यांच्याकडे बघत थांबली. तेही थांबले. वाक्य स्वतः संपवायची तिची सवय कधीच सुटली होती. रस्ता विसरलेल्या माणसासारखी ती मधेच उभी राहिली.

"तिला जरा एकटीला बसू द्या, असं म्हणत होते," ती शेवटी म्हणाली. मुंगी उठून आत गेली. बायको मात्र पदराला हात पुसत तिथेच बसली.

"आता थांबलाच आहात तर सांगते. रोज संध्याकाळी मी ‘अहो, तेवढं…’ म्हणते आणि तुम्ही मला चहा आणून देता."

"मग?"

"मला चहा नको असतो. पंखा कमी करा म्हणत असते. गार लागतं."

"इतकी वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"बोलतच तर होते," ती म्हणाली.

पूर्णविराम उठले. पंखा कमी केला. पुन्हा येऊन बसले. चहाचं एक वेळ ठीक आहे, चहा पिता तरी येतो. पण मुंगीला आपण आजवर काय काय आणून दिलं असेल? तिच्या तोंडची म्हणून आपण गावभर वाटलेली वाक्यं त्यांना एकेक आठवू लागली, आणि आठवता आठवता ते एका वाक्यापाशी थांबले. काका डोळे मिटतात. गाडी च… ‘चालू करण्याआधी’ कोण म्हणालं होतं? देवाचं नाव कुणी घेतलं होतं?

त्यांनी आत जाऊन बघितलं. मुंगी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती आणि तिचा एक हात उशाशी ठेवलेल्या बाटलीवर होता.

सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. कुठलंही सत्य जाहीर केलं नाही. मुंगीसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मुंगी, त्या दिवशी तू व्हॅनवाल्या काकांचं सांगत होतीस. मीच मधे बोललो. तुझं राहिलं."

आणि गप्प बसले.

मुंगीने त्यांच्याकडे बघितलं. आबा खरंच थांबले आहेत, याची तिला बराच वेळ खात्री पटेना.

"काका… ड-डोळे…" ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. तिने मान हलवली. तो शब्द नको होता. तिने दुसरा घेतला. "का-काकांना झ… झ…"

खाली हॉर्न वाजला.

"झ…"

हॉर्न थांबला नाही. नेहमी दोनदा पिपाणी वाजवून गप्प होणारा हॉर्न आज एकसारखा वाजत राहिला, जिना चढून घरात शिरला, भांड्यांतून घुमू लागला.

"अरे, पाठवा की तिला!" बाप आतून ओरडला. "काका तापलेत आज!"

पूर्णविरामांनी हात वर केला. आणि त्या क्षणी पुढचा शब्द त्यांना कळला. साऱ्या नोकरीत कुठल्याही साहेबाचा शब्द एवढा स्वच्छ कळला नव्हता. तो त्यांच्या जिभेवर येऊन बसला, दातांना धडका देऊ लागला. व्हॅन खाली उभी आहे, हॉर्न वाजतोय म्हणजे उभीच आहे, असं त्यांनी मनाला बजावलं आणि दात दाबून धरले. मुंगीच्या मानेची शीर ताणली गेली होती. डोळे मात्र त्यांच्या डोळ्यांवरून हलले नव्हते.

"झ… झोप लागते," मुंगी म्हणाली. "गाडी च-चालवताना."

सून डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. हॉर्न अजून वाजत होता. आणि मग सगळ्यांनाच एकदम कळलं, की इतका वेळ कुणी रागाने हॉर्न दाबत नसतं.

पूर्णविराम या वयात जिना कसे उतरले, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. व्हॅन सुरू होती. उतारावरून हळूच सरकून तिने दिव्याच्या खांबाला नाक लावलं होतं. मागे औषधवाल्याची जुळी आणि बाकीची पोरं कानांत बोटं घालून खिदळत होती. उंच पाठीच्या सीटपलीकडे काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. काका स्टिअरिंगवर गाल टेकून पडले होते. तोंड किंचित उघडं. एखाद्या लहान मुलासारखे.

मुंगी मागून आली. तिने पुढचं दार उघडलं आणि हातातली बाटली व्हॅनच्या पत्र्यावर टाकली. ठण्ण!

काका ताडकन सरळ झाले. "हं, चला, निघालो!" म्हणत त्यांचा हात गिअरवर गेला. पूर्णविरामांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

एकदम शांत झालं.

औषधवाला दुकानाचं शटर अर्धं टाकून धावत आला. मुंगीचे आई-बाप आले. जिन्यात माणसं जमली.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

पूर्णविरामांनी छाती भरून श्वास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. प्रसंग मोठा होता, आणि पहिलं वाक्य तर फारच चांगलं सुचलं होतं. त्यांनी मुंगीकडे बघितलं आणि ते वाक्य गिळलं.

"तिला विचारा," ते म्हणाले.

"का-काका रोज…" मुंगी म्हणाली.

"रोज देवाचं नाव घेतात, माहीत आहे बाळा," औषधवाला म्हणाला. "पण आत्ता—"

"थांबा," पूर्णविराम म्हणाले. "ती बोलतेय."

औषधवाला आ वासून उभा राहिला. मुंगीने त्याच्याकडेच बघून सांगितलं. शब्द अडत होते. ती त्यांना वळसा घालत नव्हती. "काकांना झ… झ… झोप लागते. पु-पुलावर पण लागते. क-कठडा जवळ येतो. मग मी बाटली प-पाडते. मग ते उ-उठतात." एकदा ती एवढा वेळ थांबली, की कुणीतरी खाकरलं. पूर्णविरामांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचं खाकरणंही अर्धवट राहिलं. "मागे बसले तर ब-बाटली कोण पाडणार? म्हणून पुढे बसते." तिने जरा विचार केला. "झ… झालं माझं."

सुनेने ती पोचे पडलेली बाटली उचलली आणि पदराने पुसू लागली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

मग जे व्हायचं ते झालं. आरडाओरडा झाला. पोरं भराभर खाली उतरवली गेली. उद्यापासून इकडे फिरकायचं नाही, असं काकांना पाच-सहा तोंडांनी एकदम सांगण्यात आलं. काल वाकून बोलणाऱ्यांचा आवाज आज सगळ्यांत मोठा होता.

"आबा, तुम्हीच तर सांगितलं होतं हो!" जुळ्यांना दोन्ही हातांना धरून औषधवाला म्हणाला.

"हो," पूर्णविराम म्हणाले. "मी सांगितलं होतं. तिने नव्हतं."

मुलगा मुंगीला स्कूटरवर घेऊन शाळेत गेला. माणसं पांगली. रस्त्यावर व्हॅन उरली, व्हॅनमध्ये काका, आणि किल्ली मुठीत धरून पूर्णविराम. किल्लीचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"आबा," काका समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मी रात्रीची पण…"

एक, दोन, तीन शेवट पूर्णविरामांना तयार दिसले. घरी आजारपण आहे. पोरांची शिक्षणं आहेत. पोटावर पाय आणू नका. तिन्ही बाजूला सारून ते उभे राहिले.

"रात्रीची पण गाडी चालवतो. मालाची. पहाटे ती सोडतो आणि ही घेतो." काकांनी डोळे चोळले. "ती पोर बाटली मुद्दाम पाडते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पडते कशी, आणि पाडतात कशी, आवाजात फरक असतो."

पूर्णविराम थांबले. वाक्य अजून संपलेलं नव्हतं. त्यांना ते कळत होतं आणि पुढचं ऐकायचं नव्हतं.

"म्हणून तर तिला पुढे बसवायचो," काका म्हणाले. "दुसरं पोर बसायला आलं तर उठवायचो. म्हणायचो, ही जागा तिची."

पूर्णविरामांच्या गळ्यात एवढी वाक्यं एकदम दाटली, की एकालाही बाहेर पडायला वाट मिळेना. त्यांनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. मान ताठ झाली. काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी घाई केली नाही.

शब्द आला नाही. काका मग हळूच पुढच्या सीटवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले आणि हाताची उशी केली.

"आबा," ते डोळे मिटत म्हणाले, "जाताना तेवढं दार हळू लावा."